हिमोग्लोबिनचा आकडा पाहिला, आकार पाहिला का?



या पानावर आम्ही रक्तक्षयाबद्दल वेळोवेळी लिहीत आलो आहोत. पालेभाजी खा, शेंगदाणे-गूळ खा, जेवणावर लिंबू पिळा, जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, लोहाच्या गोळ्या बुडवू नका, हे सगळे सांगून झाले आहे आणि पुढेही सांगत राहू. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या वस्त्यांत शिबिर लागते, बोट टोचले जाते आणि कागदावर आकडा लिहिला जातो, "ताई, तुमचे नऊ आहे." स्त्रीचा आकडा बारा, गर्भवतीचा अकरा आणि पुरुषाचा तेरा यांच्या खाली गेला की रक्तक्षय समजायचा, हे आता आपल्या बऱ्याच भगिनींना पाठ आहे.

पण या वेळी आम्हाला आकड्याबद्दल बोलायचे नाही, आकाराबद्दल बोलायचे आहे. हिमोग्लोबिन किती आहे हे आपण विचारतो. ते कोणत्या घडणीचे आहे हे कोणी विचारत नाही, आणि साधी शिबिरातली तपासणी ते सांगतही नाही. या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत सोलापुरातल्या एका घराला काय पडली, तिथून सुरुवात करतो. हे त्या घरच्यांच्या परवानगीने, नाव-गाव न देता लिहीत आहोत.

एका घराची गोष्ट

वडील यंत्रमागावर काम करतात, आई घरी शिवणकाम करते. मुलगा आठ-नऊ महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांची बोटे सुजली. कोणी म्हणाले मार लागला, कोणी म्हणाले वात आहे. पुढे दर थंडीत सांधे धरायचे, डोळे पिवळे दिसायचे. कावीळ समजून झाडपाला झाला. रक्त तपासले तेव्हा आकडा आठ आला म्हणून लोहाचे टॉनिक सुरू झाले, ते तीन वर्षे चालले. आकडा हलला नाही. शेजारच्या एका म्हातारीने उतारा टाकायला सांगितला. या घराने ते ऐकले नाही, एवढे मात्र बरे झाले.

मुलगा सातवीत असताना न्यूमोनियाने दवाखान्यात गेला. तिथल्या एका तरुण डॉक्टर मॅडमनी प्रथमच वेगळा प्रश्न विचारला, "तुम्हा दोघांची मूळ गावे कोणती?" आईचे माहेर यवतमाळ जिल्ह्यातले. मॅडमनी मुलाच्या रक्ताची एचपीएलसी तपासणी सांगितली. निदान झाले सिकलसेल आजाराचे.

त्या रात्री घरात जे झाले ते आई आम्हाला सांगताना थांबत थांबत सांगत होती. "हा तुझ्या माहेरचा रोग," असे सासरच्यांनी तिला सुनावले. ती काही बोलली नाही. आठ दिवसांनी नवरा-बायकोचे रिपोर्ट आले. दोघेही वाहक निघाले. आईचे हिमोग्लोबिन बारा, वडिलांचे साडेतेरा, दोघांनाही आयुष्यात कधी त्रास नाही. वडिलांचे आजोबा गिरण्यांच्या काळात नांदेडकडून सोलापूरला आले होते, हे तेव्हा कुठे घरातल्या थोरल्या चुलत्यांना आठवले. चार पिढ्या सोलापुरात गेल्या, घर स्वतःला सोलापूरचेच समजत होते, पण रक्ताने जुनी वाट सोडली नव्हती.

चार जणांची चादर

हे असे का होते हे समजायला हिमोग्लोबिनची घडण समजली पाहिजे. ती अवघड नाही.

आपल्या तांबड्या रक्तपेशी हिमोग्लोबिनने ठासून भरलेल्या असतात. एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू मावतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीच्या कुशीत लोहाचा एक कण आणि त्या लोहावर ऑक्सिजनची एक जागा. म्हणजे एका रेणूत चार जागा.

या चार जागा एकमेकींपासून सुट्या नाहीत. आपल्या सोलापूरच्या घरात मोठी चादर घडी करताना चौघे चार कोपरे धरतात, तेव्हा एकाने ओढले की बाकी तिघांच्या हाताला ते कळते. तसेच इथे आहे. ऑक्सिजन नसताना हा रेणू ताणलेल्या, आखडलेल्या आकारात असतो आणि पहिल्या ऑक्सिजनला जागा द्यायला कुरकुरतो. पहिला कसाबसा बसला की त्याच्या ओढीने लोहाचा कण किंचित सरकतो, त्याच्याबरोबर साखळी सरकते आणि तिच्या धक्क्याने शेजारच्या साखळ्याही सैल पडू लागतात. रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापासून सुमारे १५ अंशांनी फिरतो. मग उरलेले ऑक्सिजन पटापट बसतात.

फुप्फुसात ऑक्सिजन भरपूर असतो, म्हणून तिथे हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्ण भरून निघते. पुढे स्नायूंत, मेंदूत, गर्भाशयात जिथे ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड, आम्लता व उष्णता जास्त असते, तिथे हाच रेणू पुन्हा आखडतो आणि ऑक्सिजन सोडून देतो. आपण बसलेले असतो तेव्हा तो साधारण चौथा हिस्सा उतरवतो, मागावर उभे राहून काम करताना किंवा डोक्यावर ओझे घेऊन चालताना त्याहून बराच जास्त. नुसते घट्ट धरून ठेवणारे हिमोग्लोबिन काही कामाचे नसते. योग्य जागी धरायचे आणि योग्य जागी सोडायचे, हे काम आकार बदलता येतो म्हणूनच जमते.

ही घडण शोधायला मॅक्स पेरुट्झ या शास्त्रज्ञाने १९३७ साली केंब्रिजमध्ये सुरुवात केली आणि रेणूचे पहिले स्पष्ट चित्र मिळायला १९५९ उजाडले. त्यांना १९६२ साली जॉन केंड्रू यांच्यासोबत रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बावीस वर्षे एका रेणूमागे! आपण मात्र बोट टोचून आकडा मिळाला की समाधानी होतो.

एक दुवा बदलला

अल्फा साखळी १४१ दुव्यांची, बीटा साखळी १४६ दुव्यांची. हे दुवे म्हणजे अमिनो आम्ले. चारही साखळ्या मिळून ५७४ दुवे. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतला फक्त सहावा दुवा बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. बाकी सगळे जिथल्या तिथे.

ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे आहे, व्हॅलिन पाण्यापासून दूर पळणारे. त्यामुळे रेणूच्या अंगावर एक चिकट ठिपका तयार होतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण तिच्यावरच पुढची सगळी काळजी उभी आहे. हा रेणू फुप्फुसात ऑक्सिजन घेतो, त्यात मोठी अडचण येत नाही. अडचण सुरू होते ऑक्सिजन सोडल्यावर. ऑक्सिजन सोडून रेणू आखडला की त्याच्या अंगावर एक खाच उघडी पडते आणि त्या खाचेत शेजारच्या रेणूचा चिकट ठिपका नेमका बसतो. त्याला तिसरा चिकटतो, तिसऱ्याला चौथा. पेशीच्या आत ताठ दोऱ्या तयार होतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजे विळा, त्यावरून हे नाव.

निरोगी पेशी आपल्याहून बारीक रक्तवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते. विळ्याच्या आकाराची पेशी अडकते. जिथे अडकते तिथे रक्त पोचत नाही आणि असह्य वेदना होतात. हाडात, छातीत, पोटात, कधी मेंदूतही. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकल पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. त्या मुलाचा आकडा तीन वर्षे का हलला नाही, याचे उत्तर हे. लोह कमी नव्हते, पेशी टिकत नव्हत्या. ज्याच्या अंगात लोह मुळात कमी नाही त्याला लोह देऊन उपयोग नसतो, आणि वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णात तर लोह साठून यकृताला आणि हृदयाला इजा होते.

मूल जन्मल्यावर पहिले काही महिने त्रास का होत नाही? कारण पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचे असते आणि ते या दोऱ्या वळू देत नाही. सहा महिन्यांच्या सुमारास ते ओसरते आणि आजार डोके वर काढतो. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी आज या आजारात दिली जाते. ती प्रामुख्याने हेच बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. आपल्या घरांतला बहुतेक रक्तक्षय आजही लोहाच्या कमतरतेचाच आहे. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या हा लेख वाचून कोणीही बंद करू नयेत, गर्भवती भगिनींनी तर मुळीच नाही. आमचे म्हणणे एवढेच की गोळ्या नियमित घेऊनही आकडा हलत नसेल, तर टॉनिक बदलत बसण्याऐवजी घडण तपासा.

हा रोग कोणाचा?

वैद्यकीय साहित्यात या पेशींचे पहिले वर्णन १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी केले. त्याच वर्षी आपल्या सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस जन्मले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा गुण सापडला. आणि १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले, त्यात आपल्या, म्हणजे तेव्हाच्या महार समाजातला आढळ नोंदला गेला. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांना त्यामुळे हे नाव नवे नाही. तिकडे वस्तीत एखादे तरी घर माहीत असते. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटकडे मात्र "तो नागपूरकडचा रोग" असे म्हणून विषय संपवला जातो. आणि दुसरीकडे, काही शिकलेले लोकही दबक्या आवाजात "तो तुमच्या लोकांत असतो ना?" असे विचारतात. आम्हाला दोन्ही गोष्टींवर आक्षेप आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊ. सिकलसेल आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. आपल्या राज्यात भिल्ल, पावरा, गोंड, परधान, माडिया यांच्यात आहे, बौद्धांत आहे, कुणबी आणि तेली समाजातही आहे. या सगळ्यांची जात एक नाही, धर्म एक नाही. एक गोष्ट मात्र समान आहे. यांचे पूर्वज हिवतापाच्या मुलखात राहिले. ज्याच्या रक्तात या गुणाची एकच प्रत असते, म्हणजे जो वाहक असतो, त्याला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले. जंगलाच्या आणि डासांच्या मुलखात ज्यांनी हजारो वर्षे काढली, त्यांच्यात हा गुण टिकला. तो कोणत्याही जातीचा डाग नाही. तो हिवतापाशी झालेल्या जुन्या लढाईचा व्रण आहे.

मग तो काही समाजांत एवढा दाट का राहिला? याचे एक उत्तर बाबासाहेबांच्या लिखाणाकडे बोट दाखवते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतातील जातींवरच्या निबंधात त्यांनी मांडले की जातीच्या आत लग्न करण्याचे बंधन हेच जातीचे मर्म आहे. त्यांचा रोख समाजरचनेकडे होता, पण रक्ताच्या हिशेबातही ते बंधन तितकेच खरे ठरते. दार बंद केले की आतले गुणही आतच फिरत राहतात. एक हिशेब करून पाहा. समजा एखाद्या समाजात शंभरात दहा जण वाहक आहेत. तिथे सहज जुळलेल्या शंभर जोडप्यांत एका जोडप्यात दोघेही वाहक असतील. शंभरात एकच वाहक असलेल्या समाजात असे जोडपे दहा हजारांत एक. वाहकाने वाहकांची वस्ती दाट नसलेल्या समाजात लग्न केले की धोका आपोआप घटतो.

आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे. घराण्यात हा गुण असेल, तर वाहक मुलाच्या सख्ख्या मामेबहिणीतही तोच गुण असण्याची शक्यता सरासरी आठात एक. ही रीत मोडायला आणखी किती कारणे हवीत?

लग्नाआधीची तपासणी आणि नवी पत्रिका

दोघे वाहक असले तर दर गर्भधारणेला चारात एक शक्यता मूल सिकलसेलग्रस्त होण्याची, चारात दोन मूल वाहक होण्याची आणि चारात एक पूर्ण निरोगी असण्याची. हा हिशेब दर वेळी नव्याने लागतो. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगीच होतील, असे नाही. दोघांपैकी एकच वाहक असेल तर निम्मी शक्यता मूल वाहक होण्याची, पण सिकलसेलचा आजार होत नाही. एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरी चारात एक मूल आजारी होऊ शकते. म्हणून तपासणी दोन्हींची हवी.

हे सांगितले की लगेच सूचना येते, वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर सिकलसेलचा रकाना टाका, परिचय पुस्तिकेत छापा. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, तरी आमचा तिला विरोध आहे.

कारण आपण पत्रिका टाकून दिली आहे. गुण जुळतात का, मंगळ आहे का, हे आपण विचारत नाही, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. रक्ताचा रिपोर्ट पुस्तिकेत छापला तर तो उद्या नवा मंगळ होईल. आणि तो मंगळ कोणाच्या माथी बसेल? मुलीच्याच. वर सांगितलेल्या घरात दोघेही वाहक होते, पण आठ दिवस बोलणी खाल्ली ती एकट्या बाईने. वाहक मुलीला "दोष असलेली" ठरवून पाच ठिकाणांहून नकार येणार, आणि वाहक मुलाचे लग्न मात्र रिपोर्ट न विचारताच लागणार. वाहक हा आजारी नसतो. त्याला उपचार लागत नाहीत. त्याचे लग्न मोडण्याचे काहीच कारण नाही. दोन वाहक एकत्र येत असतील तेव्हाच बसून बोलण्याची गरज असते.

म्हणून आमची भूमिका अशी. तपासणी प्रत्येकाने करावी, मुलानेही आणि मुलीनेही, आणि स्थळे पाहायला लागण्याच्या आधी. कॉलेजच्या वयात केलेली बरी. रिपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. बोलणी पुढे जाऊ लागली की दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, खाजगीत दाखवावा. फक्त मुलीकडून मागणे हा अन्याय आहे. दोघे वाहक निघाले तर समुपदेशकाकडे एकत्र जावे. काहीजण तिथे थांबतील. काहीजण तरीही लग्न करतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्यासाठी गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. पुढे काय करायचे हे कायद्याच्या चौकटीत त्या जोडप्याने, आणि विशेषतः त्या स्त्रीने ठरवायचे. समाजाने नव्हे, आम्हीही नव्हे.

तपासणी कशी, काळजी कोणती

पहिली तपासणी साधी आणि स्वस्त असते, तिला विद्राव्यता चाचणी म्हणतात. ती सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते, माणूस वाहक आहे की रुग्ण हे सांगत नाही. म्हणून ती होकारार्थी आली की घाबरू नका आणि तिथेच थांबूही नका. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून खात्री करावी लागते. थॅलेसेमियाचा वाहकही एचपीएलसीत कळतो. नुकतेच रक्त चढवले असेल तर साधारण तीन महिने थांबून तपासणी करावी, नाहीतर दुसऱ्याचे रक्त तपासल्यासारखे होते. ही तपासणी आयुष्यात एकदा नीट झाली की पुन्हा लागत नाही. घडण बदलत नसते.

घरात रुग्ण असेल तर काळजीची कारणे वर आलेल्या घडणीतच आहेत. पेशीतले पाणी कमी झाले की हिमोग्लोबिन दाटते आणि दोऱ्या फार वेगाने वळल्या जातात. म्हणून पाणी हे इथे औषधच आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नळाला पाणी रोज येत नाही. तरी अशा मुलाच्या पिण्याच्या पाण्यात काटकसर नको. शाळेत पाण्याची बाटली आणि लघवीला जाण्याची मोकळीक, दोन्ही शिक्षकांना सांगून ठेवा. थंडीत अंग उबदार ठेवा, थंड पाण्यात डुंबू देऊ नका. लहान मुलांना न्यूमोनियाची लस आणि डॉक्टर सांगतील तितकी वर्षे पेनिसिलिन द्या. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधेच न सोडता.

ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, एक हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, पोट एकदम फुगून मूल पांढरे पडले, तर सकाळची वाट पाहू नका. आणि दवाखान्यात "हा सिकलसेलचा रुग्ण आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. त्याची वेदना खोटी नसते. "सवयीने औषध मागतो" असे म्हणून वेदनाशामक टाळणे हा अन्याय आहे, तो सहन करू नका.

वाहकांनी एवढेच पाहावे की पोलीस भरतीसारखा जोराचा सराव उन्हात, पाणी न पिता करू नये. बाकी आयुष्य इतरांसारखे.

आमच्या मागण्या

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन, असे उद्दिष्ट आहे. मोहिमेचे आम्ही स्वागत करतो. आदिवासी भागांना प्राधान्य मिळाले हेही योग्यच आहे, कारण तिथला भार मोठा आहे. पण नकाशावर जिल्ह्याची रेघ ओढली म्हणून गुणसूत्रे त्या रेघेपाशी थांबत नाहीत. ती गिरणीत कामाला आली, रेल्वेत नोकरीला आली, लग्न करून आली. सोलापूरसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या बौद्ध मुलाला तपासणीच्या यादीत जागा नसेल, तर त्याचे निदान सातवीपर्यंत लांबणारच.

म्हणून आम्ही मागतो ते असे. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात कोणत्याही समाजातल्या तरुण-तरुणीला मागताक्षणी एचपीएलसी तपासणी मोफत मिळावी. प्रत्येक गर्भवतीची पहिल्या तीन महिन्यांत ती एकदा व्हावी, आणि ती वाहक निघाली तर पतीची लगेच व्हावी. तालुक्याच्या दवाखान्यात हायड्रॉक्सियुरिया खंड न पडता मिळावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र मिळवताना रुग्णांना हेलपाटे पडू नयेत.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत या आजारावर जनुक संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत माणशी वीस लाख डॉलरहून अधिक आहे. यंत्रमागावरच्या बापाला तो उपचार आज स्वप्नातही परवडणारा नाही. एचपीएलसीची तपासणी मात्र काही शे रुपयांची आहे. सरकारने दिली तर बरेच, तोवर आपल्या विहारांनी आणि मंडळांनी हात पुढे करावा. जयंतीच्या वर्गणीतून एका दिवसाचा डीजे कमी केला तर एका वस्तीतल्या सगळ्या तरुणांची तपासणी होईल. वर्षावासात एखाद्या रविवारी डॉक्टरांना विहारात बोलवा, समुपदेशनासाठी पडद्याआडची जागा करा, आणि रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात द्या.

त्या घरातला मुलगा आता दहावीत आहे. गोळी नियमित घेतो, दप्तरात पाण्याच्या दोन बाटल्या नेतो. गेल्या वर्षभरात त्याला दवाखान्यात भरती करावे लागले नाही. त्याच्या धाकट्या बहिणीची तपासणी झाली, ती वाहक निघाली. आईने आम्हाला विचारले, "हिच्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील?"

त्या प्रश्नाचे उत्तर रक्तात नाही. ते आपल्याजवळ आहे. तिचे लग्न ठरेल तोवर आपल्या समाजातला प्रत्येक मुलगा स्वतःचा रिपोर्ट खिशात घेऊन येईल आणि तिला कोणी खाली मान घालायला लावणार नाही, एवढे काम आपण करू शकतो. आम्ही आमची तपासणी करून घेतली आहे. तुम्ही कधी करता?